फळांतली अँटिऑक्सिडंट्स मेंदूच्या पेशींना खरंच वाचवतात का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक मुलासोबत माझ्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मधुमेह बारा-तेरा वर्षांचा, मेटफॉर्मिनची गोळी तेव्हापासून सुरू, घर पूर्ण शाकाहारी. गेल्या वर्षभरात त्यांना नावं आठवत नव्हती, तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत होते. चालताना तोल जायचा आणि तळपायाखाली कायम गादी असल्यासारखं वाटायचं. मुलाने पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या : एक जांभळ्या रसाची बाटली आणि एक कॅप्सूलची डबी. दोन्हींवर मेंदूचं चित्र आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत. महिन्याला साडेतीन हजारांचा खर्च, आणि हे आठ महिने चालू होतं.

“डॉक्टर, बाबांच्या मेंदूला, नसांना जे चांगलं ते सगळं देतोय. तरी फरक का पडत नाही?”

रक्त तपासलं तेव्हा उत्तर मिळालं. व्हिटॅमिन बी१२ फारच कमी होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९ च्या पुढे गेली होती. त्यात रसाच्या बाटलीचाही हात होता, कारण त्या रसात साखर घातलेली होती. आणि बी१२ तर कुठल्याच फळात नसतं.

मुलाची चूक काढायला मला तोंड नव्हतं. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः प्रिस्क्रिप्शनच्या शेवटच्या ओळीत एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल सवयीने लिहीत असे. पेशंटला बरं वाटायचं, मलाही काहीतरी जास्तीचं दिल्यासारखं वाटायचं. नंतर अभ्यास वाचत गेलो तशी ती ओळ हळूहळू बंद झाली. फळं खा असं मी आजही सगळ्यांना सांगतो, पूर्वीपेक्षा जास्त आग्रहाने सांगतो. मग कॅप्सूल का नको? हा फरक नीट कळला तर पैसे वाचतील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ वाचेल.

मेंदूच्या पेशींनाच धोका जास्त का?

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असतं, पण विश्रांतीत असताना शरीर जितका प्राणवायू वापरतं त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. चुलीत लाकूड जळलं की उष्णतेबरोबर थोडा धूरही होतोच. तसंच या कारखान्यांत ऊर्जा बनताना काही अर्धवट, चंचल रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते आजूबाजूच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए यांना इजा करतात.

मेंदूच्या पेशींचं आवरण ज्या प्रकारच्या स्निग्ध पदार्थांनी बनलेलं असतं, ते लवकर खवट होणाऱ्या जातीचे असतात. उघड्या वाटीत ठेवलेलं शेंगदाण्याचं कूट जसं लवकर खवट होतं, तसं. शिवाय त्वचेची पेशी मेली तर तिथे नवी येते, मेंदूत मात्र बहुतेक चेतापेशी आयुष्यभर त्याच राहतात. म्हणून या ‘धुराचा’ हिशेब मेंदूत जास्त महत्त्वाचा. अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांत मेंदूत अशी झीज झालेली दिसते. ती आजाराचं मूळ कारण आहे की आजारामुळे होणारा परिणाम, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे.

पण पेशी काही बिचारी हातावर हात ठेवून बसलेली नसते. ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज अशी स्वतःची यंत्रणा ती चोवीस तास चालवत असते. बाहेरून काय येतं त्यापेक्षा ही घरची यंत्रणा कितीतरी मोठी आहे. पुढचं सगळं समजायला हा मुद्दा लागणार आहे.

फळांच्या रंगात काय असतं?

जांभूळ खाल्लं की जीभ जांभळी होते. तो रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. करवंदं, काळी द्राक्षं, कोकमाची साल, डाळिंबाचे दाणे, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी या सगळ्यांचा लाल-निळा-जांभळा रंग याच कुटुंबातला. हे कुटुंब फ्लॅव्होनॉइड्स या मोठ्या घराण्याचा एक भाग आहे. सफरचंदाच्या सालीतलं क्वेर्सेटिन, संत्र्याच्या आतल्या पांढऱ्या धाग्यांमधलं हेस्पेरिडिन हेही त्याच घराण्यातले. आवळ्याचा आणि डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा येतो तो टॅनिन्समुळे.

झाडं ही द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाहीत. कडक उन्हापासून बचाव व्हावा, किडीला आणि बुरशीला चव नकोशी वाटावी, पक्ष्यांना पिकलेलं फळ लांबून दिसावं, अशी झाडाची स्वतःची कारणं असतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘नैसर्गिक म्हणजे आपल्या भल्याचंच’ ही समजूत इथेच ढिली होते. झाडाची काही संरक्षक द्रव्यं आपल्याला मानवतात, काही मुळीच मानवत नाहीत. त्या दुसऱ्या प्रकारावर पुढे येतो.

ही कल्पना इतकी पसरली कशी?

काचेच्या नळीत फ्री रॅडिकल्स घ्यायचे, त्यात फळाचा रस टाकायचा आणि किती निष्प्रभ झाले ते मोजायचं, अशी एक चाचणी आहे. तिच्या आकड्याला ओरॅक म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो पदार्थांच्या ओरॅक आकड्यांची यादी प्रसिद्ध केली होती. कंपन्यांनी ते आकडे बाटल्यांवर छापायला सुरुवात केली : आमच्या रसात अमुक पट जास्त. शेवटी २०१२ साली त्या खात्याने ती यादी आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. काचेच्या नळीतल्या या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींसाठी त्याचा गैरवापर होतो, ही त्यामागची कारणं. बाटल्यांवरचे आकडे मात्र तरीही सगळे गेले नाहीत.

प्राण्यांवरचे प्रयोग जास्त आशादायक होते. १९९९ साली अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या केंद्रात जेम्स जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क मिसळलेलं खाणं दिलं. त्यांची स्मरणशक्ती सुधारली, आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांचा तोलही सुधारला. वयामुळे आलेली झीज थोडी मागे नेता येते, असं त्यातून दिसलं. या प्रयोगाने ब्लूबेरीचं नशीब उजळलं. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत ती छोट्या डबीत मिळते, त्या किमतीत आपल्याकडे हंगामात पिशवीभर जांभळं येतील.

गिळल्यावर पुढे काय होतं?

जाहिरात जिथे थांबते तिथून खरी गोष्ट सुरू होते. वाटीभर जांभळं खाल्ली तर त्यातल्या अँथोसायनिनचा लहानसा भागच रक्तात पोहोचतो. जो पोहोचतो त्याचं रूप आतड्याची भिंत आणि यकृत बदलून टाकतात आणि काही तासांत बराचसा लघवीवाटे निघून जातो. रक्तात या द्रव्यांचं प्रमाण इतकं कमी असतं की रक्तातल्या नेहमीच्या युरिक ॲसिडचं प्रमाण त्याच्या शेकडो पट भरतं. त्यातून पुढे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ओलांडून आत जायचं. म्हणजे जांभळाचा रंग मेंदूत जाऊन फ्री रॅडिकल्स पुसून काढतो हे चित्र डोळ्यांसमोर आणायला छान आहे, पण हिशेबात बसत नाही.

याबाबत सफरचंदाचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात २००४ साली काही निरोगी लोकांना प्रत्येकी पाच सफरचंदं खायला दिली आणि रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद मोजली. ती वाढली! पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी सफरचंदात जितकी फळसाखर असते तितकी नुसती साखर पाण्यातून दिली. ताकद तशीच वाढली. म्हणजे वाढ फ्लॅव्होनॉइड्समुळे नव्हतीच. फळसाखर पचताना युरिक ॲसिड वाढतं आणि ते स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. ज्यांना गाउटचा त्रास आहे त्यांना युरिक ॲसिड वाढल्याचा आनंद अजिबात होणार नाही. ‘अँटिऑक्सिडंट वाढलं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग फळांचा उपयोग होतो तो कसा? आज तीन वाटा जास्त पटण्यासारख्या वाटतात.

पहिली वाट रक्तवाहिन्यांची. फ्लॅव्होनॉइड्समुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं, वाहिनी सैल होते, रक्तप्रवाह सुधारतो. अस्तर थेट रक्ताच्या संपर्कात असतं, त्यामुळे कमी प्रमाणातही परिणाम होऊ शकतो. मेंदूचं आरोग्य म्हणजे बऱ्याच अंशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं आरोग्य. वयस्कर लोकांच्या विसराळूपणात या वाहिन्यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो.

दुसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची. जे रक्तात गेलं नाही ते मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि ते लहान तुकडे रक्तात जास्त सहज शिरतात. डाळिंबातल्या टॅनिन्सपासून जिवाणू युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवतात. पण हे काम सगळ्यांच्या पोटातले जिवाणू करू शकत नाहीत. एकच डाळिंब दोघांनी खाल्लं तरी दोघांच्या रक्तात वेगळी द्रव्यं येतात.

तिसरी वाट मला सगळ्यात रंजक वाटते. पेशीला ही वनस्पतिद्रव्यं किंचित परकी, किंचित त्रासदायक वाटतात. त्या चिमट्याने एनआरएफ२ नावाचं प्रथिन जागं होतं आणि पेशी आपली घरची संरक्षक यंत्रणा, म्हणजे वर सांगितलेलं ग्लुटाथायोन वगैरे, वाढवते. व्यायामाने स्नायूला थोडा ताण बसतो आणि तो मजबूत होतो, तसाच हा प्रकार. या वाटेने पाहिलं तर फळ स्वतः पहारा देत नाही, झोपलेल्या पहारेकऱ्याला हलवून उठवतं. आणि उठवायला थोडंच पुरतं. दहापट डोस दिला म्हणून पहारेकरी दहापट जागा होत नाही. मात्र यातलं बरंचसं अजून पेशींवर आणि प्राण्यांवर दिसलेलं आहे, माणसाच्या मेंदूत ते किती घडतं याचा पुरावा तोकडा आहे.

माणसांवरचे अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका प्रदीर्घ अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या १६,०१० स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या ठरावीक अंतराने घेतल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, ज्या स्त्रिया ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खात होत्या त्यांची बुद्धीची घसरण हळू होती. फरक होता अडीच वर्षांपर्यंत वय मागे राहिल्याइतका. आकडा मोठा आहे. पण रोज फळं खाणारी व्यक्ती बहुधा चालायलाही जाते, सिगारेट ओढत नाही, तिला शिक्षण आणि पैसा थोडा बरा मिळालेला असतो. संशोधक हे वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळं वजा होत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला खरी वस्तू आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण पोकळ वस्तू द्यायची, असे अभ्यास जास्त विश्वासाचे. कॉसमॉस नावाच्या अभ्यासाच्या एका भागात ३,५६२ वयस्कर लोकांना तीन वर्षं रोज कोकोतले ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स किंवा पोकळ कॅप्सूल दिली. सफरचंद, द्राक्षं, चहा यांतही हीच द्रव्यं असतात. २०२३ साली निकाल आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर स्मरणशक्तीत ठोस फरक नव्हता. पण ज्यांचा मुळातला आहार निकृष्ट होता त्यांच्यात सुधारणा दिसली. याच अभ्यासाच्या दुसऱ्या एका भागात कोको अर्काने बुद्धीच्या चाचण्यांत काही फायदा झाला नाही. मी याचा अर्थ असा लावतो : ज्याच्या ताटात काहीच नव्हतं त्याला थोडं मिळालं की फरक पडतो. ज्याचं ताट आधीच भरलेलं आहे त्याला वरून कॅप्सूल देऊन फारसं काही होत नाही.

२०२३ सालीच माइंड नावाच्या आहारपद्धतीचा निकाल आला. यात हिरव्या भाज्या, कडधान्यं, सुकामेवा आणि फळांमध्ये खास बेरी वर्गातली फळं असतात. ६०४ लोक, तीन वर्षं. वजन थोडं कमी करणाऱ्या साध्या आहाराच्या तुलनेत बुद्धीच्या चाचण्यांत लक्षणीय फरक आला नाही. तीन वर्षं कदाचित कमी पडली असतील. दुसऱ्या गटाचं खाणंही सुधारलं होतं. पण निकाल तो निकाल. बेरी खाऊन डिमेन्शिया टळतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला हा अभ्यास दाखवावा.

गोळीतल्या व्हिटॅमिन ई चं काय? पार्किन्सनच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ८०० रुग्णांना ते मोठ्या डोसमध्ये दिलं गेलं. १९९३ साली निकाल आला : काही उपयोग नाही. २०१७ साली साडेसात हजार पुरुषांवरच्या अभ्यासात व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम यांनी डिमेन्शिया टळला नाही. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. अल्झायमर आधीच झालेल्या सौम्य ते मध्यम रुग्णांमध्ये, २०१४ च्या एका अभ्यासात, मोठ्या डोसच्या व्हिटॅमिन ई ने रोजची कामं करण्याची क्षमता जरा हळू कमी झाली. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक नव्हता. म्हणून एखाद्या न्यूरॉलॉजिस्टने विचार करून ते लिहिलं असेल तर माझा लेख वाचून बंद करू नका.

‘नुकसान तर नाही ना?’

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. दुर्दैवाने कधीकधी आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या कर्करोग टळावा म्हणून दिल्या. १९९४ साली कळलं की गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला. गाजरात बीटा-कॅरोटिन असतं आणि गाजर खाऊन असं होत नाही. गोळीतला डोस आणि तो एकटा असणं, हाच फरक. व्हिटॅमिन ई जास्त घेतलं तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विशेष सांभाळा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ‘नसांच्या ताकदीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये अँटिऑक्सिडंटबरोबर व्हिटॅमिन बी६ असतं. ते जास्त प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर हातापायांच्या नसांनाच इजा होते, मुंग्या आणि बधिरपणा वाढतो. मग बधिरपणा वाढला म्हणून माणूस तीच कॅप्सूल दोनदा घेऊ लागतो. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन गोळ्या आणि वर दुकानातून घेतलेली तिसरी, अशा तिन्हींत बी६ असलेले पेशंट मी पाहिले आहेत. येताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून आणा, असं मी म्हणतो ते यासाठी.

जी फळं चेतापेशींना त्रास देऊ शकतात

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, अजिबात खाऊ नये. कोकणात आणि गोव्यात याला करमळ, करमल असंही म्हणतात. त्यात कॅरम्बॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि ते थेट मेंदूवर काम करतं. न थांबणारी उचकी, उलट्या, गोंधळ, फिट, आणि वेळेत डायलिसिस झालं नाही तर मृत्यूही. डायलिसिसवरच्या माणसाला एक फळसुद्धा भारी पडू शकतं.

बिहारमधल्या मुजफ्फरपूर भागात उन्हाळ्यात लहान मुलांना अचानक फिट येऊन ती दगावत. २०१४ च्या साथीच्या तपासात लिचीतल्या हायपोग्लायसिन या द्रव्याशी त्याचा संबंध दिसला. बागेत दिवसभर लिची खायची आणि रात्री न जेवता झोपायचं, अशा मुलांची साखर पहाटे धोकादायक पातळीपर्यंत उतरे. मेंदूला साखर मिळाली नाही तर पेशी काही वेळातच मरू लागतात. जेवलेल्या, धडधाकट मुलाने चार लिची खाल्ल्या तर घाबरण्याचं कारण नाही.

तिसरं उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटाचं. तिथे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, पार्किन्सनसारख्या आजाराचं प्रमाण जास्त आढळलं आणि १९९९ साली त्याचा संबंध लक्ष्मणफळाशी आणि त्याच्या पानांच्या काढ्याशी जोडला गेला. त्यातलं ॲनोनासिन पेशीच्या त्याच ऊर्जा-कारखान्यांना अडवतं ज्यांच्याबद्दल आपण सुरुवातीला बोललो. आपल्याकडे लक्ष्मणफळ कर्करोगावरचा उपाय म्हणून फॉरवर्ड होत असतं. कृपया त्याचा काढा किंवा पूड रोज घेऊ नका. सीताफळ याच घराण्यातलं असलं तरी हंगामात अधूनमधून एखादं खाणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये.

मग खायचं काय आणि किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात साधारण १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. १०० ग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू, किंवा वाटीभर जांभळं, किंवा एक छोटं संत्रं. आपल्यापैकी बरेच जण तेवढंही रोज खात नाहीत, आणि फायदा सगळ्यात जास्त होतो तो इथेच, शून्यापासून थोड्यापर्यंत जाताना.

ब्लूबेरीच पाहिजे असं काही नाही. पेरूत संत्र्याच्या जवळपास चौपट व्हिटॅमिन सी असतं आणि तो बाराही महिने कुठेतरी मिळतो. मे-जूनमध्ये करवंदं आणि जांभळं, हिवाळ्यात आवळा, बोरं, स्ट्रॉबेरी, पुढे काळी द्राक्षं. सफरचंद धुऊन सालीसकट खा. संत्र्याचे पांढरे धागे नखाने सोलून काढत बसू नका. रस काढू नका, कारण चोथा गेला की साखर पटकन रक्तात जाते आणि आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं कचऱ्यात जातं. मोठ्या निरीक्षणांत अख्खी फळं खाणाऱ्यांना मधुमेह कमी आणि फळांचे रस पिणाऱ्यांना जास्त झालेला दिसतो.

कोकमाचं थोडं वेगळं सांगायला लागतं. बाजारातल्या अमृत कोकमात साखरेचा पाक असतो, आगळात मीठ. मधुमेहींनी पहिलं आणि बीपीवाल्यांनी दुसरं जपून घ्यावं. आमटीत दोन-तीन आमसुलं घालणं सगळ्यांना चालतं. आवळा कँडी आणि मोरावळा हे मिठाईच्या खात्यात टाका.

मधुमेह असलेल्यांनी फळ बंद करू नये. दोन जेवणांच्या मधे एका वेळी एक वाटी, आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा साखर मोजून आपल्याला कुठलं फळ मानवतं ते पाहावं. जांभळाच्या बियांची पूड घेऊन गोळ्या बंद करण्याचा प्रयोग मात्र नको. वाढलेली साखर नसांना इतकं नुकसान करते की कुठल्याही फळाने ते भरून येणार नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमच्या हिशेबासाठी फळं आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावीत. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन किंवा ॲटॉरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड पपनस रोज खाण्याआधी विचारावं. ही फळं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात.

विसराळूपणा दिसला तर आधी काय तपासायचं?

भारतात साठीच्या पुढच्या लोकांत सुमारे ७.४ टक्के जणांना, म्हणजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पण विसरणारा प्रत्येक माणूस डिमेन्शियाचा नसतो. बी१२, थायरॉइड, सोडियम, साखर, बीपी, कानाने ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या, आणि नैराश्य, एवढं तरी पाहिल्याशिवाय काहीही सुरू करू नये. शाकाहारी असाल आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ ची तपासणी स्वतःहून मागून घ्या. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत. बीपी, मधुमेह, ऐकू न येणं, धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषण ही त्यातली काही. ही सगळी हाताळली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा हिशेब आहे. अँटिऑक्सिडंट कॅप्सूल न घेणं हे त्या यादीत नाही.

अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काही तासांत गोंधळ सुरू होणं, यांपैकी काही झालं तर वाट पाहू नका. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.

त्या शिक्षकांना बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली, रसाची बाटली बंद केली, मधुमेहाची औषधं बदलली. तीन-चार महिन्यांत चालण्यात फरक पडला. सहा महिन्यांनी ते एकटे रिक्षाने आले आणि कंपाउंडरला नावाने हाक मारली. पायांच्या बोटांचा बधिरपणा मात्र अजून आहे, तो बहुधा पूर्ण जाणार नाही. आठ महिने आधी आले असते तर कदाचित गेला असता, हे मी मुलाला सांगितलं नाही, त्याला ते कळलेलं होतं. निघताना त्याने विचारलं, “डॉक्टर, आता जांभळं आलीत बाजारात. देऊ का बाबांना?”

“रोज वाटीभर द्या,” मी म्हटलं, “आणि वर मीठ भुरभुरू नका, बीपी आहे त्यांना.”